ताटावरचा आडवा हात

मी गुरांची डॉक्टरीण. सगळी नोकरी मावळ तालुक्यात झाली आणि निवृत्तीनंतरही तळेगावच्या घरात बूड टिकत नाही म्हणून अजून स्कूटर काढते. माझ्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका, असं माझा नवरा आल्यागेल्याला चहाच्या आधीच सांगून टाकतो. तुम्ही त्याचं ऐकू नका. आंबी गावच्या एका म्हशीनं माझा मोबाईल गिळला होता, हे मी कुठल्याही देवळात सांगायला तयार आहे. मी तो पेंढ्यावर ठेवला, तिनं पेंढ्यासकट घेतला. बॅटरी उतरेपर्यंत म्हशीच्या पोटातून भूपाळी वाजत होती. गोठ्याबाहेर दर्शनाला माणसं जमली, एका आजीनं नारळ वाढवला. फोन करत होते आमचे साहेब. बाई फोन का उचलत नाहीत, म्हणून त्यांनी जाब विचारला, तेव्हा मी कळवलं की उचलते, पण खांद्यापर्यंत हात घालावा लागेल.

असो. म्हैस ठणठणीत राहिली. खाणाऱ्या जनावराचं दुखणं आम्हाला फारसं घाबरवत नाही. भाद्रपदातल्या पोळ्याला बैलाला पुरणपोळी देतात. एक द्या, दोन द्या. पण मावळातलं प्रेम दोनात मावत नाही. घरची झाली की भावकीची, भावकीची झाली की शेजारची. दुसऱ्या दिवशी बैलाच्या पोटात पुरण आंबतं, बैल चार पाय फाकून उभा, आणि मी सोड्याची पुडकी घेऊन गावोगाव. त्याला इलाज आहे. खरी धडकी भरते ती न खाणाऱ्या जनावराची. ते बोलत नाही, रडत नाही, नुसतं तोंड फिरवतं. मग कारण शोधायला डॉक्टरला अर्धा पोलीस आणि अर्धा ज्योतिषी व्हावं लागतं.

भुकेचं गणित सोपं करून सांगते. तुम्ही पंगतीला बसला आहात. वाढपी जिलबी घेऊन येतो. तुम्ही ताटावर हात आडवा धरता आणि म्हणता, बास. हा जो आडवा हात आहे ना, तो आपल्या अंगात एका रसायनाचा असतो. त्याचं नाव सेरोटोनिन. उंदरापासून हत्तीपर्यंत, ज्यानं ज्यानं आईचं दूध प्यायलं त्या सगळ्यांच्या अंगात हा हात आहे. खाल्लेल्या अन्नातल्याच एका घटकापासून तो तयार होतो आणि अन्नालाच आडवा येतो. घरचे भेदी म्हणतात ते असे.

गंमत अशी की हा माल बहुतेक सगळा आतड्यात तयार होतो, डोक्यात अगदी चिमूटभर. आतड्यातला डोक्यात जाऊ शकत नाही, मध्ये कडक तपासणी-नाका आहे. आतड्यातल्याचं काम अन्न पुढं ढकलणं, पचलेलं चरबीत साठवायचं की जाळायचं यात नाक खुपसणं, अंगातली शेगडी जरा मंद ठेवणं. सासूबाईंसारखं. डोक्यातला चिमूटभर मात्र 'बास' म्हणतो. आणि त्याच डोक्यातल्या मालावर मनाचंही बरंच काही अवलंबून. म्हणजे भुकेची आणि मनाची तार एकाच खांबावरून गेलेली. एखादी फांदी पडली की दोन्ही घरांत अंधार.

लोणावळ्यात एका बंगल्यावर एक जाडजूड कुत्रा होता. शनिवार-रविवारच्या गाड्यांच्या भोंग्यांना भिऊन तो पलंगाखाली शिरायचा. शिरताना जायचा, निघताना पलंग उचलावा लागायचा. त्याला मी भीतीची गोळी दिली. ही गोळी सेरोटोनिनचा जोर वाढवते. भीती कमी झालीच, पण आडवा हातही घट्ट झाला. ज्या कुत्र्यानं लोणावळ्याच्या फज मिठाईचा अख्खा डबा कागदासकट खाल्ला होता, तो फजसमोर महात्म्यासारखा बसून राहिला. मालकीणबाईंनी मुंबईहून रडत फोन केला की आमचा मुलगा आता जगत नाही. मी गोळीची मात्रा कमी केली. कुत्र्यानं त्याच आठवड्यात फजही खाल्लं आणि मालकीणबाईंची चप्पलही. सगळे सुखी.

उलटं औषधही आहे. ते त्या आडव्या हाताला मनगटाशी धरून बाजूला करतं आणि वाढप्याला म्हणतं, वाढ रे. एखादी आग्रही मावशी बाटलीत भरावी तसं. आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं पुराण लावलं, तिच्यात ही मावशी आहे.

कामशेतच्या बाजारात दौलतआबांचं तांदळाचं गोदाम आहे, मागच्या अंगाला घर. आबांचं वय विचारू नका, ते स्वतः दर वर्षी वेगळं सांगतात. आबांची ख्याती अशी की आलेल्या प्रत्येक मालातला मूठभर तांदूळ ते गोदामातल्या कोपऱ्यातल्या शेगडीवर शिजवायचे, मीठसुद्धा न घालता खायचे, आणि मग भाव बोलायचे. इंद्रायणी कुठल्या अंगाच्या शेतातली, उन्हात किती पडलेली, हे ते घासात सांगायचे असं लोक म्हणतात. एकदा एका घासावरून त्यांनी शेतकऱ्याच्या बायकोचं माहेर सांगितलं होतं असं मी म्हणते. ते जरा जास्त होतंय, पण तुम्ही आबांना पाहिलेलं नाही.

गोदामात एक बोका होता. करडा, एका कानाला खाच, चाल अशी की हातात दंडुका नसेल तर नवल. त्याचं नाव मुकादम. मुकादमाच्या भीतीनं उंदीर कामशेत सोडून शेजारच्या कान्हे गावी स्थायिक झाले होते. पण या बोक्याची एक खोड होती. उंदीर मारायचा, खायचा नाही. जेवायचा तो आबांच्याच ताटात. जेवणाच्या शेवटी आबा दूधभात कालवायचे. एक घास आबांचा, एक मुकादमाचा. दुसऱ्या कुणी बशीत तोच दूधभात दिला तर तो बशीकडे असा बघायचा, जणू नोटीस बजावली आहे.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आबांच्या सुनेचा, कल्पनाचा, फोन आला. मुकादमानं अन्न सोडलं होतं. मी गेले. बोका तांदळाच्या पोत्यावर पडून होता आणि त्याच्या समोरून एक उंदीर अगदी सावकाश, बाजाराला निघाल्यासारखा चालत गेला. मुकादमानं नुसती मिशी हलवली. मी लगेच पिशवी उघडली.

मांजराचं उपाशी राहणं हे बैलाच्या उपासासारखं नसतं. गुबगुबीत मांजर काही दिवस जेवलं नाही की अंगातली चरबी निघते आणि यकृतात जाऊन तुंबते. यकृत बसलं की मांजर गेलं. त्याला काहीही करून खायला घालणं हेच औषध. मी तपासलं. ताप नाही, दात ठीक, पोट मऊ, डोळ्यांत पिवळेपणा अजून नव्हता. कारण काही सापडेना. जबरीनं भरवायला गेले तर अशक्त बोक्यानं माझ्या मनगटावर अशी सही केली की ती आजही वाचता येते.

तेव्हा मी ती मावशी काढली. भूक लावणारं पातळ औषध, थेंब ठरवून दिले. कल्पनाला विचारलं, हा खातो कशात? ती म्हणाली, आबांच्या ताटातल्या दूधभातात, आबांच्या हातून. म्हटलं मग त्यातच घाल, आणि पोटात जातंय का ते समोर बसून बघ.

जाताना शेजारच्या चंद्रामावशींनी हाक मारली. त्यांच्या शेळीचं पोट फुगलं होतं. शेळी म्हणजे पिंपच झाली होती. तिला दाबून पाहिलं तर आत भात. मी म्हटलं, मावशी, शेळीला भात कशाला घालता? त्या म्हणाल्या, "आमाला खायाला पुरंना, तिला कुटून घालू? हवेवर फुगतीया ती." शेळीला सोडा पाजला आणि निघाले. माझ्यासारख्या हुशार बाईला तेव्हाच कळायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. एका भिंतीच्या अलीकडे बोका वाळतोय, पलीकडे शेळी भातानं फुगतेय. पण मी गुरांची डॉक्टरीण. मी शेळीत शेळी बघितली.

दोन-चार दिवसांनी आबांच्या मुलाचा, संतोषचा फोन. "बाई, बोका सुधारला. पण आबा बिघडले."

काय झालं विचारलं तर म्हणे, आबा खातायत. पहिल्यांदा घरातल्या भाकऱ्या संपल्या. मग पीठ संपलं. कल्पना तव्यावर भाकरी टाकायची आणि ती फुगायच्या आत आबांचा हात यायचा. बाजारातल्या वडापाववाल्यानं आबांना येताना पाहून घाणा वाढवला. एका लग्नात आबा मुलाकडच्या पंगतीलाही जेवले आणि मुलीकडच्याही, आणि दोन्हीकडच्यांना वाटलं की मोठं माणूस आलं, मान राखला. मग एसटीनं लोणावळ्याला गेले आणि चिक्कीच्या एकेका दुकानात चव बघत बाजारपेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. विकत काही घेतलं नाही. शेवटच्या दुकानदारानं म्हणे आदल्या दुकानदाराचा फोन आल्यावर शटर अर्धं ओढलं, पण आबा वाकून आत गेले. हे शटरचं मला स्वतः आबांनी सांगितलं, म्हणून मी त्यात काही घातलेलं नाही.

मला हसू आवरेना. आणि मग एकदम आवरलं. मी कल्पनाला फोनवर बोलवायला सांगितलं. म्हटलं, ते औषध तू नक्की कुठं घालतेस?

"आबांच्या ताटात. तुमीच म्हनला न्हवं? दूधभातात."

"अख्ख्या दूधभातात?"

"मंग? त्यातलाच घास मुकादम खातो ना. एक आबा, एक मुकादम."

"आणि आबांना सांगितलंस?"

"न्हाई बाई. मांजराला बाटलीतलं औषिद देऊ देत न्हाईत ते. म्हून गपचूप घातलं."

मांजराचा घास बोटाएवढा, आबांचा मुठीएवढा. म्हणजे माझी मावशी बहुतेक सगळी आबांच्या पोटात जाऊन बसली होती आणि तिथून आग्रह करत होती. तशी ती बाटली माणसांच्याच औषधाच्या दुकानातली, न जेवणाऱ्या पोरांना देतात. पण पिकल्या माणसाला ती सोसेलच असं नाही. झोप चढते, लघवी अडू शकते, डोळ्यांचं दुखणं असेल तर बळावतं. मी स्कूटर अशी काढली की वडगावचे गतिरोधक मला लागलेच नाहीत. औषध जागच्या जागी बंद करायला सांगितलं होतं. आबांना घेऊन माणसांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी आबांना सगळीकडून तपासलं, काही बिघडलेलं नव्हतं. फक्त त्यांनी एक प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता. वजन इतकं कमी कशानं झालं, आबा?

आबांनी पंख्याकडे बघितलं.

तेव्हा हळूहळू उलगडलं. उन्हाळ्यात संतोषनं तांदूळ निवडायचं यंत्र आणलं होतं. काळा दाणा, खडा, तुकडा, सगळं क्षणात बाजूला. चांगलं यंत्र, मी पाहिलंय. त्याला जागा हवी म्हणून कोपऱ्यातली शेगडी उचलली. संतोष मनानं वाईट नाही. त्यानं खरंच प्रेमानं सांगितलं, आबा, आता तुम्ही घरी आराम करा. आबा घरी आराम करायला लागले. जन्मभर घासावर भाव बोललेला माणूस, त्याच्या घासाला आता काही भावच राहिला नाही. भूकच लागेना. पावसाळा सरताना दूधभात कालवायचंही सोडलं. कल्पना ओसरीवर ताट ठेवून कामाला जायची, ताट रिकामं परत यायचं. भिंतीपलीकडून चंद्रामावशींची शेळी मान लांब करायची आणि आबा तिला एकेक घास द्यायचे.

आणि मुकादम? जिथं आबांचा घास नाही तिथं मुकादमाचा घास नाही. मी त्याचे दात बघत बसले.

घरच्यांना बोक्याचा उपास दिसला, कारण पोत्यांवर उंदीर फिरायला लागले. आबांचा दिसला नाही, कारण आबांचं ताट रिकामं होतं. आणि ज्या दिवशी कल्पना स्वतःच दूधभात कालवून, त्यात औषध घालून समोर बसून राहिली, त्या दिवशी आबांची पंचाईत झाली. सून हलेना, शेळीला देता येईना. मग एक घास बोक्यापुढे, एक स्वतःच्या तोंडात. बोक्यानं आबांच्या तोंडाकडे बघितलं, आबा गिळेपर्यंत थांबला, आणि मग खाल्लं.

औषध बंद झालं. आता भूक जाते की राहते, याचा घोर मला लागला. मी दोन जीवांना पणाला लावून बसले होते. कारण आबांचा हात पुन्हा आडवा झाला तर बोक्याचाही होणार, आणि यकृत दुसऱ्यांदा माफ करत नाही.

इथं आबांनी स्वतःच डाव टाकला. औषधाचा अंमल उतरायच्या आत ते भुकेच्या तारेत गोदामात गेले, माळ्यावरून शेगडी उतरवली, आणि यंत्राच्या तोंडाशी मांडून नव्या मालातला मूठभर तांदूळ शिजायला टाकला. संतोष म्हणाला, आबा, यंत्रानं बघितलंय. आबा म्हणाले, "बघितलंय ना? मी खातो." शिजणाऱ्या इंद्रायणीचा वास बाजारात गेला आणि रस्त्यावरची माणसं वासाच्या दोरीला बांधल्यासारखी आत आली. मी तर म्हणते पुण्याला जाणारी एक गाडी कामशेतला थांबा नसताना थांबली. संतोष व्यापारी माणूस. त्यानं शेगडीला कायमची जागा दिली आणि यंत्र हातभर सरकवलं.

नव्या भाताची पहिली पोती आली तेव्हा आबांनी मला जेवायला बोलावलं. ओसरीवर बसलो. आबा, मी, आणि आबांच्या मांडीला टेकून मुकादम, पोट पुन्हा जमिनीला लागलेलं. आबांच्या गालांवर मांस आलं होतं. औषध थांबून बरेच दिवस झाले होते, तरी ताटात भाताचा तिकोना किल्ला उभा होता. मी ठरवून आले होते की आबांना आज खरं सांगायचं. कल्पनाला धीर होत नव्हता. मी सुरुवात केली, "आबा, तो मध्ये दूधभात होता ना..."

"औषिद व्हतं त्यात," आबा म्हणाले. "पयल्या घासाला कळलं."

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"आवो बाई, जलमभर भात चाखला मी. दुधात संत्र्याचा वास कुटनं येनार? पर मी खाल्लं. म्हटलं, आपुन जेवत न्हाई ते सुनेला कळलं. बोलली न्हाई, पर समोर बसली. घरात कुनाला तरी कळलं."

कल्पना मागे भाताचं पातेलं घेऊन उभी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, गप राहा पोरी. एवढं एक खोटं राहू दे, खोट्याचा मला अनुभव आहे, हे टिकेल. आणि ती पोर पातेलं खाली ठेवून म्हणाली,

"आबा, मला न्हवतं कळलं. ते मुकादमासाठी व्हतं."

भिंतीपलीकडून शेळीनं मान काढली, परिस्थिती बघितली आणि मान आत घेतली.

आबांनी खाली मांडीजवळ बघितलं. बोका वर त्यांच्या तोंडाकडे बघत होता. तो रोज बघतो तसाच, पहिला घास आत जाण्याची वाट बघत.

"मंग ह्याला कळलं म्हनायचं," आबा म्हणाले.

त्यांनी घास घेतला, चावला, गिळला. मग बोटाएवढा घास मुकादमाला दिला. कल्पना पदरानं नाक पुसत पातेलं घेऊन पुढे झाली आणि आबांच्या ताटावर डाव धरून उभी राहिली.

आबांचे दोन्ही हात मोकळे होते. त्यांनी एकानं बोका बाजूला सारला आणि दुसऱ्यानं ताट पुढं केलं.